ओढण्याआधी थांबवणं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की कोकणातल्या खाड्यांमध्ये घाई सुरू होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, प्रवासी होड्यांचाही हंगाम संपलेला. लाकडी मचवे, फायबरच्या होड्या खाडीत आत न्यायच्या, उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर चढवायच्या आणि झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारून ठेवायच्या. तोवर यातल्या कित्येक बोटींची इंजिनं उतरवलेली असतात, कित्येकांची बिघडलेली असतात. मग एखादी लहान होडी पुढे होते, दोर बांधला जातो आणि आपल्या दहा-पंधरापट वजनाची बोट ती ओढू लागते. काठावरून बघणाऱ्याला हे काम सोपं वाटतं, कारण पाण्यावर मोठं वजनही अगदी थोड्या जोराने हलतं. मलाही ते सोपं वाटलं होतं. त्या समजुतीपायी माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्या इथे लिहितो आहे. त्यांतल्या एकीची किंमत माझ्या मावसभावाने मोजली, आणि तशी किंमत आणखी कोणी मोजू नये असं मला मनापासून वाटतं.

आमचं गाव विजयदुर्ग. वाघोटन खाडीच्या मुखाशी, किल्ल्याच्या आडोशाला असलेलं खोल, शांत बंदर. मुंबईतली नोकरी सोडून मी गावी परतलो तेव्हा मावसभावाशी भागीदारी करून एक जुना लाकडी मचवा विकत घेतला. लांबी दहा मीटर, वजन अंदाजे सहा टन, आत डिझेल इंजिन, वर पर्यटकांसाठी लोखंडी पाइपांवर ताणलेलं ताडपत्रीचं छत. जोडीला पाच मीटरची फायबरची होडी, मागे आठ अश्वशक्तीचं आउटबोर्ड. मचवा धक्क्यापासून दूर नांगरलेला असे, आणि माणसं, डिझेल, पाण्याचे कॅन त्याच्यापर्यंत पोचवणं हे होडीचं काम. मचव्याचं इंजिन जुनं होतं. ते बंद पडलं तर होडी आहेच ओढायला, असं आम्ही घेतानाच धरून चाललो होतो. ती कशी ओढेल, याचा विचार मात्र दोघांपैकी कोणीही केला नव्हता.

पहिल्यांदा ओढायची वेळ आली ती ऐन हंगामात. इंजिन सुरू होईना, मेकॅनिक धक्क्यावर येऊन उभा, मचवा पाण्यात. मी होडीच्या पिछाडीला, इंजिनच्या शेजारच्या कडीला दोर बांधला, दुसरं टोक मचव्याच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि रेस वाढवली. मचवा हलला. पण होडी वळेना. सुकाणूचा दांडा कितीही फिरवला तरी ती आपली सरळच, आणि मग मचव्याच्या मर्जीने हळूहळू डावीकडे. मचव्यावर सुकाणू धरायला मी कोणाला ठेवलंच नव्हतं, त्यामुळे तो एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झोकांड्या खात होता आणि प्रत्येक झोकांडीला होडीची पिछाडी आपल्याबरोबर खेचत होता. शेवटी बाजूने जाणाऱ्या एका ट्रॉलरने आम्हाला धक्क्याला लावून दिलं.

धक्क्यावर एक म्हातारे तांडेल बसलेले असतात. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "दोर खंय बांधलंस ता बघ आधी. इंजनाकडेच बांधलंस, तर होडी वळतली कशी?"

त्यांचं म्हणणं असं की आउटबोर्डची होडी वळते ती नाळेने वळत नाही. पंखा पिछाडीला एका बाजूला रेटतो आणि त्यामुळे नाळ दुसऱ्या बाजूला फिरते. त्याच पिछाडीला सहा टनांचं ओझं बांधलं तर ती रेटायला मोकळीच राहत नाही. टगबोटींमध्ये ओढीचा आकडा पिछाडीच्या टोकाला न ठेवता मध्याच्या जवळ ठेवतात तो याचसाठी. मी ते ऐकलं आणि लगेच सुताराकडून होडीच्या मधल्या आडव्या फळीवर एक जाड लाकडी खुंटा ठोकून घेतला, दोर इंजिनच्या वरून जावा इतका उंच. पुढच्या खेपेला होडी झकास वळली. आपल्याला ओढणं जमलं, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. काकांनी एक गोष्ट सांगितली होती, ती मी घेतली. आणखी काय विचारायला हवं होतं, ते मला सुचलंही नाही.

दुसरी चूक धक्क्याजवळ झाली. ओढत आणताना सगळं सुरळीत होतं, वेग फार नव्हता, दोन नॉट असेल, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटर. माणूस याहून भरभर चालतो. धक्का जवळ आला तसा मी रेस कमी केली. होडी थांबत आली, मचवा थांबला नाही. दोर सैल पडून पाण्यात बुडाला आणि सहा टनांची नाळ सरळ माझ्या पाठीवर चालून आली. मी होडी बाजूला काढायला गेलो तर सैल पडलेला दोर पंख्यात गुंतला आणि इंजिन बंद पडलं. मचव्याची नाळ होडीच्या कोपऱ्याला घासून गेली, फायबर हातभर फाटलं, आणि मचवा धक्क्याच्या टायरांवर जाऊन आदळला. मी होडीत दोन हात उजवीकडे बसलो असतो तर फायबरच्या जागी माझी पाठ असती.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टगबोटींच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा असतो की शंभर अश्वशक्तीला एक टनाच्या आसपास ओढ मिळते, म्हणजे एका अश्वशक्तीला दहा किलो. आमच्या आठ अश्वशक्तीला फार तर ऐंशी किलो. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण आमचा पंखा हलकी होडी वेगाने पळवण्यासाठी बनवलेला, जड ओझं सावकाश रेटण्यासाठी बनवलेला नव्हता. रिव्हर्समध्ये पंखा उलटा फिरतो तेव्हा ही ओढ आणखी घटते. तीस किलो धरली, तर दोन नॉटने चाललेल्या सहा टनांना थांबवायला वीस सेकंद आणि दहा मीटरहून थोडं जास्त अंतर लागतं. वेग चार नॉट असेल तर अंतर चौपट होतं, चाळीस मीटरच्या पुढे जातं. आणि हा हिशेबसुद्धा होडी मचव्याला घट्ट बांधलेली असेल तरच लागू. लांब दोराने मागे ओढत आणलेल्या बोटीला पुढची होडी थांबवूच शकत नाही, कारण दोराने ओढता येतं, ढकलता येत नाही. उतारावर भरलेली बैलगाडी बैलांच्या अंगावर येते, तसा तो मचवा माझ्या अंगावर आला होता, आणि माझ्याकडे गाडीला असते तशी खीळसुद्धा नव्हती.

हा हिशेब समजल्यावर मी ओढायची पद्धत बदलायला हवी होती. मी फक्त वेग कमी ठेवायचं ठरवलं. अर्धवट शिकलेल्या माणसाचं असंच होतं. झालेल्या अपघातातून तो तेवढ्याच अपघातापुरता धडा घेतो.

मग तो मे महिना आला. मचव्याचं इंजिन उतरवून दुरुस्तीला पाठवलं होतं. मचवा खाडीत आत, आमच्या वाडीच्या खालच्या किनाऱ्यावर चढवायचा होता. त्यासाठी उधाणाची भरती लागते, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची. आमच्याकडे उधाणाची दिवसाची भरती दुपारच्या सुमाराला भरते, आणि नेमका त्याच सुमाराला समुद्रावरचा खारा वारा जोर धरतो. सकाळी मतलई वारा असतो, तो ओसरला की तासभर पाणी आरशासारखं असतं, मग पश्चिमेकडून, वायव्येकडून वारा सुरू होतो आणि दुपारपर्यंत वाढत जातो. म्हणून जाणते लोक भरती पुरती भरायची वाट न बघता आधीच निघतात, शांत पाण्यात बोट ठिकाणावर नेऊन ठेवतात आणि तिथे पाणी चढायची वाट बघतात. मला हे ठाऊक होतं. लहानपणापासून बघत आलो होतो.

तरीही मी उशीर केला. मचवा वर ओढताना खाली घालायचे ओंडके, झाप, दोरखंड अशा सगळ्या सामानाची वेगळी खेप वाचावी म्हणून ते मचव्यावरच भरून न्यायचं मी ठरवलं, आणि त्यात सकाळ गेली. नांगर त्या ओंडक्यांच्या खाली गेला, तेही माझ्या लक्षात आलं, आणि मी तो तसाच राहू दिला. छताची ताडपत्री सोडायला अर्धा तास लागला असता, ती सोडली नाही. निघालो तेव्हा वारा सुरू झालेला होता. भाऊ म्हणाला, "दादा, संध्याकाळी जाऊया, नाहीतर उद्या लवकर." मी म्हणालो, वारा तर आपल्याच दिशेने आहे, मदतच होईल.

वारा आणि भरती दोन्ही खाडीत आत जाणारे, आम्हीही आत जाणारे. काही वेळ खरोखरच मदत झाल्यासारखं वाटलं. भाऊ होडीत, मी मचव्याच्या सुकाणूवर. होडीला जेमतेम रेस होती तरी मचवा पळत होता, कारण त्याला होडी ओढतच नव्हती, वारा ढकलत होता. छतासह मचव्याची बाजू अंदाजे पंधरा चौरस मीटरची. ताशी अठरा किलोमीटरच्या वाऱ्यात अशा बाजूवर पंचवीस-तीस किलोचा रेटा येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, शंभर किलोच्या वर जातो. म्हणजे मचवा वाऱ्याला आडवा झाला तर आठ अश्वशक्तीची होडी पूर्ण रेसमध्येसुद्धा त्याला धरून ठेवू शकणार नव्हती. हे गणित मी पुढे केलं. तेव्हा केलं असतं तर निघालोच नसतो.

उजव्या हाताला आमचा किनारा आला. भावाने होडी उजवीकडे वळवली. मी सुकाणू फिरवलं, पण उशिरा, आणि मचवा वाऱ्याच्या जोराने सरळ पुढे निघून गेला. दोर होडीच्या पाठीमागून फिरत तिच्या डाव्या बाजूला आडवा आला आणि ताणला गेला. दोर बांधलेला होता मधल्या फळीवरच्या त्याच उंच खुंट्याला. पिछाडीला बांधलेला दोर आडवा आला असता तर त्याने होडीची पाठ फिरवली असती. मध्यावर, आणि तेही उंचावर बांधलेल्या दोराने होडीला बाजूने खाली खेचलं. तिचा डावा काठ पाण्यात गेला, पाणी आत शिरलं, आणि भाऊ पाण्यात पडला.

मोठ्या टगबोटीसुद्धा याच प्रकारे उलटतात. ओढली जाणारी बोट बाजूला सरकते, दोर आडवा येतो, टग वळून दोराच्या रेषेत यायच्या आत कलंडते. त्यासाठी त्यांच्या आकड्याला ताणलेल्या अवस्थेतही क्षणात दोर सोडणारी व्यवस्था असते. आमच्या खुंट्यावर मी निरगाठ मारली होती. दोन्ही टोकांना. ताण आलेली निरगाठ हाताने सुटत नाही. सुरी कोणाकडेच नव्हती. आउटबोर्डला इंजिन बंद करणारी लाल दोरी असते, ती मनगटाला बांधली की माणूस पडताक्षणी इंजिन थांबतं. ती आमच्याकडे इंजिनलाच गुंडाळून ठेवलेली असे, कारण सारखी मध्ये येते म्हणून मीच तसं सांगितलं होतं. अर्धी बुडालेली होडी चालू इंजिनासह दोराभोवती फिरत राहिली आणि भाऊ तिच्या पंख्यापासून चार हातांवर. त्याने एका हाताने ताणलेला दोर धरला होता. मचवा पुढे सरकला तसा दोर त्याच्या हातातून ओढला गेला.

मी मचव्यावरून काही करू शकत नव्हतो. नांगर ओंडक्यांखाली होता. गाठ सुटत नव्हती. मी फक्त ओरडत होतो. जाळी सुकवत बसलेले दोघे आपली होडी लोटून आले, त्यांच्याकडे कोयती होती, त्यांनी दोर तोडला आणि भावाला वर घेतलं. मचवा पुढे जाऊन चिखलात रुतला. त्याला काहीही झालं नाही.

भावाच्या डाव्या तळहाताची कातडी निघाली आणि एका बोटाचा सांधा निखळला. ते बोट अजून पुरतं वळत नाही. जीवरक्षक जाकिटं मचव्यावर ढीगभर होती, पर्यटकांसाठी. आम्ही दोघांपैकी एकानेही घातलं नव्हतं.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातं. त्या संध्याकाळी मावशीला आणि वाडीतल्या लोकांना मी सांगितलं की दोर तुटला. खराब दोर होता, तुटला, काय करणार. भाऊ शेजारीच हाताला पट्टी बांधून बसला होता आणि गप्प राहिला. दोर तुटला असता तर भाऊ पाण्यात पडलाच नसता. दोर तुटला नाही, सुटला नाही, म्हणून तो पडला. पण "दोर तुटला" म्हटलं की दोष दोराचा होतो, आणि उशिरा निघण्याचा, न काढलेल्या ताडपत्रीचा, निरगाठीचा, लाल दोरीचा विषयच निघत नाही. हे खोटं मी बरेच दिवस सांभाळलं. त्याचा परिणाम असा की कोणी मला काही शिकवू शकलं नाही, आणि आमच्या वाडीत दुसरा कोणी असाच खुंटा ठोकून घेत असता तर त्यालाही सावध करायला माझ्याकडे शब्द नव्हते.

शेवटी मावशीला खरं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "ता माका त्याच दिवशी कळलला. तू कधी सांगतंस, ह्याची वाट बघी होतंय."

त्यानंतर मी काकांकडे गेलो आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग एकच वाक्य बोलले: "आधी थांबवचा कसा ता ठरव, मगे ओढूक लाग." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला होडी घेऊन यायला सांगितलं.

खाडीत, बंदरात, जिथे शेवटी धक्क्याला किंवा किनाऱ्याला लागायचं असतं, तिथे त्यांनी होडी बाजूला बांधायला शिकवली. पुढे राहून ओढायचं नाही. होडी मोठ्या बोटीच्या कुशीला, पण अगदी मागे, इतकी मागे की होडीचा पंखा मोठ्या बोटीच्या सुकाणूच्याही मागे राहील. मी पहिल्यांदा ती मध्यावर बांधली होती. मध्यावरून रेटलं की बोट पुढे जाते, पण वळवायला जोर पुरत नाही. पंखा जितका मागे तितकी वळवण्याची ताकद जास्त. होडीची नाळ किंचित आत, मोठ्या बोटीकडे झुकलेली. मध्ये जुने टायर.

दोर चार. एक नाळेजवळ आणि एक पिछाडीजवळ, होडी बोटीला चिकटून राहावी म्हणून. खरा भार घेतात ते दोन तिरपे. होडीच्या नाळेपासून मागे, मोठ्या बोटीच्या पिछाडीच्या खुंट्याकडे गेलेला दोर पुढे रेटताना ताणतो. होडीच्या पिछाडीपासून पुढे, मोठ्या बोटीच्या मधल्या खुंट्याकडे गेलेला दोर रिव्हर्स घेताना ताणतो. हे चारही इतके घट्ट हवेत की दोन्ही बोटी एकच बोट असल्यासारख्या हलतील. मी सुरुवातीला ते सैल सोडायचो, लाटेला जागा राहावी म्हणून. सैल दोरांत होडी आधी स्वतःच मागे-पुढे सरकते, झटका देते, आणि ऐन थांबण्याच्या क्षणी तिचा जोर मोठ्या बोटीपर्यंत पोचायला उशीर होतो.

गाठी सगळ्या सुरगाठी, किंवा खुंट्याला वेढे देऊन अडकवलेल्या, म्हणजे भार असतानाही सोडता येतील अशा. आणि प्रत्येकाच्या कमरेला सुरी.

या पद्धतीतही मी चुकलो. होडी डाव्या कुशीला असेल तर तिचा रेटा मोठ्या बोटीची नाळ उजवीकडे फिरवतो. उजवीकडे वळणं सोपं, डावीकडे वळणं अवघड. रिव्हर्स घेतला की उलट, नाळ होडीच्या बाजूला फिरते. हे लक्षात न घेता मी एकदा धक्का उजवीकडे असताना नाळ धक्क्याला समांतर ठेवून रिव्हर्स घेतला. बोट थांबली, पण नाळ डावीकडे फिरून धक्क्यापासून दूर गेली आणि पिछाडी धक्क्यावर आपटली. आता मी नाळ धक्क्याकडे थोडी झुकवून येतो, मग रिव्हर्समध्ये बोट आपोआप समांतर होते. आणखी एकदा रिव्हर्स घेताच आउटबोर्ड वर उचललं गेलं आणि पंखा हवेत फिरू लागला, कारण इंजिन खाली धरून ठेवणारा रिव्हर्सचा खटका मी लावलाच नव्हता. पुढे जाताना त्याची गरज भासत नाही, म्हणून तो विसरतो. त्यामुळे निघाल्यावर पहिल्याच मोकळ्या पाण्यात एकदा थांबून बघायचं, हा नियम केला. थांबता येतं याची खात्री झाल्याशिवाय वेग घ्यायचा नाही.

होडीच्या नाळेने ढकलणं हे तिसरं तंत्र. मोठी बोट जागेवर फिरवायला ते उपयोगी पडतं, पण मध्यावर ढकललं तर ती फिरत नाही, नुसती कष्टाने आडवी सरकते. नाळेजवळ किंवा पिछाडीजवळच ढकलावं लागतं. तिथे माझी होडी मचव्याच्या कडेच्या लाकडी पट्टीखाली शिरली होती. एक ट्रॉलर बाजूने गेला, मचवा लाटेवर डोलला आणि वरून खाली येताना त्याने होडीची नाळ दाबली. नाळेला टायर बांधलेला असता, आणि नाळ दोन दोरांनी जागेवर धरलेली असती, तर ती घसरली नसती. दोन बोटींच्या मध्ये हात किंवा पाय कधीही घालायचा नाही, हे मला त्या दबलेल्या नाळेने शिकवलं.

या सगळ्या काळात मी पर्यटकांना एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत असे. हेच बंदर अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं होतं. खाडीत आत त्यांची खडकात खोदलेली गोदी आजही आहे. त्यांची मोठी जहाजं म्हणजे गुराबा, दीडशे ते तीनशे टनांच्या. गलबतं लहान, सत्तर टनांच्या वर क्वचितच जाणारी, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांची आणि तासाला चार मैल जाणारी. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की वारा पडला की ही गलबतं गुराबांना ओढत शत्रूवर नेत. लहानाने मोठ्याला ओढण्याची परंपरा आमच्या पाण्यातलीच, असं मी सांगायचो.

ती गोष्ट सांगताना तिच्यातले तीन शब्द मी कधी नीट ऐकले नव्हते: वारा पडला की. ते ओढत ते निवांत पाण्यात. वारा असेल तेव्हा गुराबेला स्वतःची शिडं होती आणि ती वाऱ्याच्या बरोबरीने धावे. आणि पन्नास वल्ह्यांच्या मागे माणसं होती. दोर आडवा येतोय हे दिसताच ती वल्ही थांबवू शकत, उलटी मारू शकत. मी एका माणसाला चालू इंजिनाच्या पुढे, निरगाठीने बांधलेल्या होडीत, वाऱ्याच्या दिवशी बसवलं होतं. पूर्वजांचं कौशल्य सांगायला मला आवडत होतं. त्यांनी पाळलेली अट मी पाळत नव्हतो.

पुढे राहून लांब दोराने ओढण्याला आजही जागा आहे, मोकळ्या पाण्यात, लाट असताना, जिथे दोन बोटी बाजूला बांधल्या तर एकमेकींना फोडतील. पण तिथे दोर लांब हवा. आखूड ठेवला तर होडीच्या पंख्याने मागे फेकलेलं पाणी ओढल्या जाणाऱ्या बोटीच्या नाळेवर आदळतं आणि बराच जोर वाया जातो. मोठ्या बोटीच्या सुकाणूवर माणूस हवा आणि त्याने होडीच्या मागोमाग यायचं. तिच्यावरचा नांगर मोकळा, लगेच टाकता येईल असा हवा. होडी वळेल ती थोडी थोडी, दोर कधीही बाजूला येणार नाही अशी. नायलॉनचा दोर तुटण्याआधी लांबीच्या चौथ्या हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही जास्त ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो, म्हणून त्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. आणि बंदरात शिरण्याआधी थांबून, दोर आत घेऊन, होडी बाजूला बांधायची.

भावाने आणि मी भागीदारी मोडली नाही. पण आमच्यात एक गोष्ट बदलली. पूर्वी ओढताना हुकूम मचव्यावरून सुटायचा, कारण मचवा मोठा, महाग, आणि त्यावर मी. आता निर्णय होडीत बसलेल्याचा. निघायचं की नाही, तो ठरवतो. ताडपत्री सोडली का, नांगर मोकळा आहे का, रिव्हर्सचा खटका लावला का, हे तो विचारतो आणि मला उत्तर द्यावं लागतं. अंगात जाकीट, मनगटाला लाल दोरी, कमरेला सुरी. आणि दोर कधी तोडायचा ते त्याने कोणालाही न विचारता ठरवायचं. त्याने मागच्या वर्षी एकदा खरोखरच तोडला. मचवा वाहत जाऊन रेतीवर बसला, पुढच्या भरतीला निघाला. नवा दोर घ्यावा लागला, एवढाच खर्च.

हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कोणाची बोट यंदा मे अखेरीस वर चढवायची असेल तर माझी हात जोडून विनंती आहे. लहान होडीत बहुतेक वेळा धाकटा भाऊ, पुतण्या नाहीतर रोजंदारीवरचा पोरगा बसलेला असतो, आणि मालक मोठ्या बोटीवर उभा राहून ओरडत असतो. मोठी बोट चिखलात रुतली तर पुढच्या भरतीला निघते. त्या पोराच्या हातात सुरी द्या, ती वापरायचा अधिकार द्या, आणि तो म्हणाला "आज नको", तर त्या दिवशी जाऊ नका.